अझुमांगा दाइओ बघून हसू का येत नाही? आधी मांगा की आधी सिरीज?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी पास झालायस, पुढच्या एन३ चा अभ्यास चालू आहे, क्लासमधल्या कुणीतरी सांगितलं की कान तयार करायला 'अझुमांगा दाइओ' ही जपानी ॲनिमेशन सिरीज बघ, हायस्कूलमधल्या मुलींची कॉमेडी आहे, भाषा सोपी आहे. तू एका रविवारी बसून सलग सहा भाग बघितलेस आणि हसू तर सोडच, झोप आली. आता विचारतोयस की हे एवढं गाजलं कशामुळे, आधी मांगा, म्हणजे मूळ जपानी चित्रकथा, वाचायला हवी होती का, आणि यातून जपानी खरंच सुधारतं का.

तिसऱ्याचं शेवटी सांगते. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर तुझ्या प्रश्नातच पडलंय: सलग सहा भाग.

ही सिरीज सलग बघण्यासाठी बनलेलीच नाही रे. २००२ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत टीव्ही तोक्योवर ती लागायची तेव्हा सोमवार ते शुक्रवार रोज पाच मिनिटांचा एक तुकडा दाखवायचे आणि आठवड्याचे पाच तुकडे एकत्र जोडून एक पूर्ण भाग वेगळा लावायचे. असे २६ भाग, म्हणजे १३० तुकडे. आपल्या हातात जे येतं ते जोडलेलं येतं, म्हणून आपल्याला वाटतं की पंचवीस मिनिटांची गोष्ट आहे आणि आपण गोष्टीची वाट बघत बसतो, आता काहीतरी होईल, आता होईल, आणि काही होत नाही. तू एका दुपारी सहा आठवड्यांचा खुराक संपवलास. लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन चमच्याने खाल्ल्यावर लोणचं वाईट आहे असं म्हणता येत नाही ना, तसंच हे.

मी हे कुठल्या अधिकाराने सांगतेय तर गेली २२ वर्षं जपानीवरच पोट आहे. दिवसा चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत दुभाषी, म्हणजे डोक्यावर हेल्मेट, पायात सेफ्टी शूज आणि जपानी इंजिनिअर आणि आपला सुपरवायझर यांच्यात उभं राहून दोघांचा राग थोडा गाळून पलीकडे पोचवायचा. रात्री सबटायटल आणि मांगाचं भाषांतर. त्यात विनोदी मालाचं काम सगळ्यात जास्त डोकं खातं, पैसे मात्र तेवढेच मिळतात.

अझुमांगाचा पहिला खंड मला एका जपानी सहकाऱ्याने परत जाताना सामान हलकं करायचं म्हणून दिला होता. मी घरी आले, उघडला आणि सरळ आडवा वाचायला लागले, उजवीकडून डावीकडे वाचायचं एवढं माहीत होतं म्हणून वरचा उजवा चौकोन, मग त्याच्या शेजारचा, मग खालच्या ओळीत. दहा पानं अशी वाचली. काहीच लागत नव्हतं, एक मुलगी मांजराकडे हात नेतेय आणि शेजारी दुसरीच कुणीतरी डबा खातेय, मला वाटलं फार पोचलेलं, मॉडर्न आर्ट टाइप काहीतरी असणार. मग कळलं की ह्या चार-चार चौकोनांच्या पट्ट्या असतात, उभ्या, वरून खाली, आधी उजवी पट्टी पूर्ण आणि मग डावी. योन्कोमा म्हणतात त्याला, योन म्हणजे चार आणि कोमा म्हणजे चौकोन. प्रत्येक पट्टीला वर छोटंसं नाव असतं, ते वाचायचं सोडू नकोस, कधीकधी अर्धा विनोद त्या नावात असतो.

आता मुद्दा. योन्कोमाचं एक जुनं गणित आहे, कि-शो-तेन-केत्सु. पहिल्या चौकोनात मांडणी, दुसऱ्यात ती पुढे न्यायची, तिसऱ्यात वळण, चौथ्यात निकाल. मुळात चिनी कवितेतून आलेलं गणित आहे, जपानी शाळेत निबंध शिकवतानासुद्धा वापरतात. वर्तमानपत्रातल्या जपानी पट्ट्या साधारण असंच चालतात आणि चौथ्या चौकोनात कुणीतरी धप्पकन पडतं किंवा डोळे पांढरे करतं आणि तुला कळतं की आता हसायचं. लेखक अझुमा कियोहिको याने काय केलं तर चौकोन तेच ठेवले आणि वळण इकडेतिकडे सरकवलं. पुष्कळदा विनोद तिसऱ्या चौकोनातच होऊन जातो आणि चौथ्यात नुसती शांतता असते, तीच मुलगी, तोच चेहरा, फक्त कुणी बोलत नाहीये. किंवा उलटं, तीन चौकोन जवळजवळ सारखे आणि चौथ्यात तिने मान दोन अंश वळवलेली. हसू त्या रिकाम्या जागेत आहे, आणि ती जागा किती वेळ धरायची हे वाचणारा ठरवतो. तू घाईत असशील तर ती दिसतच नाही.

साकाकीचं घे. उंच, लांब केसांची, गप्प राहणारी, सगळा वर्ग तिला टरकून असतो. हाताला बँडेज असलं की बाकीच्यांना वाटतं कुठेतरी मारामारी करून आलीय. प्रत्यक्षात तिला गोंडस गोष्टींचं वेड आहे आणि रस्त्यात एक करडं मांजर दिसतं त्याला तिला एकदा, फक्त एकदा, हात लावायचाय. ती हात पुढे करते, मांजर बघतं, हात आणखी जवळ, मांजर चावतं. बस. एवढाच विनोद, आणि तो तीन वर्षं चालतो. त्या मांजराला चाहते कामिनेको म्हणतात, कामु म्हणजे चावणं आणि नेको म्हणजे मांजर, आपल्याकडे चावरी मनी म्हणता येईल. कागदावर हे वाचायला दहा सेकंद लागतात. चौथ्या चौकोनात मांजराचं तोंड तिच्या हातापेक्षा मोठं झालेलं असतं आणि साकाकीच्या चेहऱ्यावर दुखल्याचं नाही, वाईट वाटल्याचं दिसतं.

टीव्हीवर हे करायचं तर पहिली अडचण की टीव्हीवर चौकोन नाहीत, वेळ आहे. दहा सेकंदांच्या पट्ट्या एकामागून एक लावल्या तर पाच मिनिटांत तीस विनोद होतील आणि तिसऱ्यानंतर बघणारा गळाठेल. दिग्दर्शक निशिकिओरी हिरोशी आणि जे. सी. स्टाफ या स्टुडिओने उलटा रस्ता धरला, विनोद वाढवले नाहीत, वाट बघणं वाढवलं. मांजराकडे जाणारा तो हात इतका हळू जातो की तुला वाटतं व्हिडिओ अडकलाय. मध्ये कुणी बोलत नाही. चित्र स्थिर, फक्त पापणी लवते. सिरीजचा पटकथेचा आराखडा ओकोउची इचिरो याचा आहे, तोच पुढे 'कोड गियास' या ॲनिमे सिरीजवर होता, म्हणजे माणसाला धडाधडा घटना घडवता येत नव्हत्या असं अजिबात नाही, इथे मुद्दाम घडवल्या नाहीत.

तू कदाचित हे दीडपट स्पीडवर बघितलं असशील. खरं सांग. माझ्या ओळखीतली निम्मी मुलं सगळंच दीडपट स्पीडवर बघतात आणि बाकी कशालाही ते चालतं, पण इथे दीडपट केलंस की मांजर वेळेआधी चावतं आणि तो नुसता अपघात होतो.

याची उलटी बाजू बघायची असेल तर 'निचिजो' बघ, अरावी केइइचीची मांगा, क्योतो ॲनिमेशनने २०११ मध्ये केलेली. तीही शाळाच, तशाच मुली, पण तिथे एवढ्याशा गोष्टीवर स्टुडिओने सिनेमाएवढं काम ओतलंय, मुख्याध्यापक हरणाशी कुस्ती खेळतात तो प्रसंग अशा काही जोरात काढलाय की विनोद त्या उधळपट्टीचाच होतो. मला दोन्ही आवडतात. पण निचिजो ताबडतोब कळतं आणि अझुमांगा मुरावं लागतं, आणि निचिजो आधी बघून मग इकडे आलेल्या माणसाला हे अळणी लागतं हे मी पाच-सहा जणांच्या बाबतीत बघितलंय.

थोडी माहिती घाईघाईत देऊन टाकते. मांगा 'देंगेकि दाइओ' नावाच्या मासिकात १९९९ ते २००२ अशी आली, चार खंड. नावाचा अर्थ शोधत बसू नकोस, अझुमा अधिक मांगा म्हणजे अझुमांगा, आणि दाइओ हे मासिकाच्या नावातलं, महाराजा वगैरे अर्थाचं. गोष्टीशी काडीचा संबंध नाही. २००९ मध्ये दहा वर्षं झाली म्हणून दुसऱ्या प्रकाशकाने तीच मांगा तीन खंडांत काढली, एका शालेय वर्षाला एक खंड, त्यात अझुमाने बरीच चित्रं नव्याने काढली आणि थोड्या नव्या गोष्टी घातल्या. जपानीत वाचणार असशील तर ही आवृत्ती घे. इंग्रजीत चारही खंड एकाच जाड पुस्तकात मिळतात.

तीन खंड आणि तीन वर्षं हे महत्त्वाचं आहे. जपानी हायस्कूल तीन वर्षांचं, एप्रिलमध्ये सुरू आणि मार्चमध्ये निरोप. मांगा चालू असताना वाचणाऱ्यांची तीन वर्षं आणि त्या मुलींची तीन वर्षं बरोबर चालली होती, म्हणजे वाचकाच्या महिन्याला त्यांचा महिना. क्रीडा महोत्सव, सांस्कृतिक महोत्सव, उन्हाळ्याची सुट्टी, नवीन वर्षाचं पहिलं स्वप्न, पुन्हा एप्रिल, वर्ग बदलले, पुन्हा क्रीडा महोत्सव. विनोदी मांगामध्ये पात्रं सहसा एकाच इयत्तेत अडकून राहतात, इथे ती पुढे सरकतात आणि शेवटी शाळाच संपते. १९९९ मध्ये हायस्कूलच्या पहिल्या वर्षातल्या कुणी ही वाचायला घेतली असेल तर तो आणि त्या मुली साधारण बरोबरच शाळेबाहेर पडले. आपण नंतर एकदम वाचणारे, आपल्याला ते मिळत नाही, पण सिरीज रोज पाच मिनिटं धरलीस तर सहा महिने पुरते आणि निदान थोडंफार तरी मिळतं.

संगीत कुरिहारा मासाकीचं आहे. नीट ऐक, त्यात रेकॉर्डर वाजतात, ती प्लास्टिकची बासरी. जपानमध्ये प्राथमिक शाळेतलं प्रत्येक पोर रेकॉर्डर शिकतं, दप्तराबाहेर त्याची पिशवी डोकावत असते. त्यामुळे जपानी माणसाला ते पार्श्वसंगीत ऐकलं की वर्गाचाच वास येत असणार. आपल्याकडे हार्मोनियमवर 'सा रे ग म' ऐकलं की प्रार्थनेची रांग आठवते तसं. सबटायटलमध्ये हे कुठून आणणार.

आता ओसाका, कारण तिच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही आणि भाषांतर करणाऱ्याची सगळ्यात जास्त परीक्षा तीच बघते. तिचं खरं नाव कासुगा आयुमु. ओसाकाहून बदली होऊन वर्गात येते, आणि तोमो नावाची एक वर्गातली आगाऊ मुलगी तिचं नाव थेट ओसाका ठेवून टाकते, मग सगळे तेच म्हणतात, शिक्षिकासुद्धा. जपानात ओसाकाच्या माणसाबद्दल ठाम समज आहे: मोठ्याने बोलणारा, तोंडाळ, हजरजबाबी, व्यापारी डोक्याचा, दर दोन वाक्यांमागे विनोद. मान्झाई म्हणजे दोघांनी उभं राहून करायचा तो विनोदी संवाद, एक वेड्यासारखं बोलणारा बोके आणि दुसरा त्याला टपली मारणारा त्सुक्कोमी, त्याचं माहेरघर ओसाका. त्यामुळे वर्गाची अपेक्षा असते की आता धमाल येणार. आणि ही येते ती खिडकीबाहेर बघणारी, पंधरा सेकंदांनी उत्तर देणारी, वर्गातल्या सगळ्यात लहान चियोच्या दोन वेण्या नक्की कशाने जोडल्यात याचा दिवसभर विचार करणारी.

आमच्या प्लँटला एक ओसाकाचे इंजिनिअर आले होते, अत्यंत मितभाषी, दुपारी डबा खाऊन डोळे मिटून बसायचे. प्रत्येक पार्टीत तोक्योची मंडळी त्यांच्या मागे लागायची की तुम्ही ओसाकाचे ना, मग काहीतरी बोला की गमतीचं. ते नुसते हसायचे. गाडीत परत येताना मला म्हणाले की आयुष्यभर हेच चालू आहे. मी त्यांना अझुमांगाबद्दल विचारलं तर त्यांनी नाव ऐकलेलं नव्हतं, ते गोल्फवाले होते.

तर अमेरिकेत डबिंग करताना ओसाकाला दक्षिणेकडचा लांबवलेला उच्चार दिला. ऐकायला गोड आहे. पण माझ्या मते तिथे विनोदाचं गाठोडं उलटं बांधलं गेलं, कारण अमेरिकेत दक्षिणेचा माणूस हळू बोलणार हे सगळ्यांनी धरलेलंच असतं. मूळ गंमत अशी की जिच्याकडून वेगाची अपेक्षा आहे ती हळू आहे. डबिंगमध्ये जिच्याकडून हळूपणाची अपेक्षा आहे ती हळूच निघते. ती तरीही मजेशीर वाटते, पण वेगळ्या कारणाने.

मराठीत काय करायचं? मी एकदा कुणी सांगितलेलं नसताना हौसेने दोन तुकड्यांचं मराठी करून बघितलं. आधी तिला वऱ्हाडी दिली, तर नुसत्या बोलीलाच लोक हसले, वाक्य काय आहे ते राहिलंच. मला ते आवडलं नाही, बोलीला हसायचं नव्हतं. मग कोल्हापूर. पुण्याच्या कॉलेजात कोल्हापूरची मुलगी आली, 'मी आलो, मी गेलो' म्हणणारी, की सगळे ताठ होऊन बसणार, आता ही रांगडी असणार, कुस्ती, तांबडा-पांढरा, नाद खुळा, आणि पुण्याच्या पोरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'कोल्हापूर' ठेवलं. आणि ती आपली ढगांकडे बघत म्हणते, 'मी काय म्हणत होतो... इसरलो.' हे बसलं. बोलीला कुणी हसलं नाही, मध्ये जी तीन टिंबं आहेत त्याला हसले. अर्थात अख्खी सिरीज अशी केली तर कोल्हापूरकर मला सोडणार नाहीत, तो भाग वेगळा.

यावरून एक गोष्ट सांगायची आहे जी क्लासात कुणी सांगत नाही. आपल्याला इंग्रजी सबटायटलवर अझुमांगा बघून हसू येत नाही यात इंग्रजीचाही दोष आहे. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी आणि नकार तर त्याच्याही शेवटी. 'काल रात्री मी अभ्यास' इथपर्यंत आलास तरी केला की नाही केला हे कळत नाही, 'शिमासेन देशिता' येईपर्यंत. विनोद त्या शेवटच्या दोन अक्षरांत असतो. इंग्रजीत 'डिड नॉट' दुसऱ्याच शब्दाला येऊन बसतं, म्हणजे पात्राने तोंड उघडायच्या आत तुला निकाल वाचून झालेला असतो आणि मग उरलेला वेळ तू गप्प चेहऱ्याकडे बघत बसतोस, वैतागतोस. मराठीत बघ: 'काल रात्री मी अभ्यास... केलाच नाही.' जसंच्या तसं उतरतं. प्रश्नाचा 'का' पण दोन्हीकडे शेवटीच, इकिमासु का, जातोस का. वाक्याच्या शेपटीचा 'ने' म्हणजे आपला 'ना' किंवा 'नाही का'. आपण आयते या भाषेच्या शेजारी बसलोय आणि उगाच इंग्रजीच्या पुलावरून फिरून जातो. तुझं एन४ झालंय ना, मग पाच मिनिटांचा तुकडा आधी एकदा सबटायटल बंद करून बघ, अर्धं कळेल, चालेल. मग चालू करून बघ. दुसऱ्या वेळी हसू कुठे होतं ते सापडतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर म्हणू नकोस की सांगितलं नाही. किमुरा नावाचे एक शिक्षक आहेत, विद्यार्थिनींकडे बघणारा लंपट मास्तर, तोंड कायम उघडं. त्यावर लेखकाने वरून थर चढवलेत, घरी देखणी समजूतदार बायको आहे, मुलगी आहे, माणूस रस्त्यावरचा कचरा उचलतो वगैरे. मला तेव्हाही हे पात्र आवडलं नव्हतं आणि आता तर त्याचे तुकडे मी पुढे ढकलते. त्या काळात हे विनोद म्हणून खपून गेलं, आज नाही खपत, आणि त्यासाठी कुठलं सांस्कृतिक स्पष्टीकरण द्यायची मला गरज वाटत नाही. ढकललंस तर काही चुकणार नाही.

शिक्षकांपैकी बघण्यासारख्या दोघी, युकारी-सेन्सेई आणि तिची मैत्रीण कुरोसावा, जिला ती न्यामो म्हणते. युकारी इंग्रजी शिकवते, वर्गशिक्षिका आहे, रोज उशिरा येते, मुलींपेक्षा पोरकट. न्यामो पीटीची शिक्षिका, शहाणी, आणि लग्न कधी या प्रश्नाने हैराण. दोघी एकाच हायस्कूलच्या जुन्या मैत्रिणी. तू विशीत असशील तर आत्ता त्यांच्याकडे लक्ष जाणार नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तोमो आवडली होती, आता ती दिसली की हिचा मोबाइल काढून घ्यावा असं वाटतं, आणि न्यामोचं एकेक वाक्य लागतं.

बरं, तर क्रम. माझा सल्ला असा की मांगा आधी नाही आणि सिरीज आधी नाही. आधी सिरीजमधलं पहिलं वर्ष, रोज एक तुकडा, सकाळी चहाबरोबर किंवा बसमध्ये उभ्याउभ्या. म्हणजे आवाज कानात बसतील, चियोचा तो चिरका, सुईसारखा आवाज कानेदा तोमोकोचा आणि ओसाकाचा मात्सुओका युकीचा. मग मांगाचा पहिला खंड. आता वाचताना तुझ्या डोक्यात ओसाका बोलेल, तिच्या वेगाने, आणि चौथ्या चौकोनात तू आपोआप थांबशील. माझं उलटं झालं होतं, मांगा आधी वाचली आणि सगळ्या मुली माझ्या डोक्यात एकाच वेगाने बोलायच्या, माझ्याच वेगाने, म्हणजे फास्ट. त्यानंतर दुसरं-तिसरं वर्ष कसंही बघ. ओकिनावाची सहल मात्र सिरीजमध्येच बघ, ओसाका तिथे साता आंदागी, म्हणजे तिकडचे ते गोल तळलेले गोड गुलगुल्यासारखे असतात ते, त्यांचं नुसतं नाव ओरडते. कागदावर ते काहीच नाही. तिथेच साकाकीला इरिओमोते बेटावर रानमांजराचं पिल्लू भेटतं, जगात फक्त त्या एका बेटावर सापडणारी जात, शंभराच्या आसपास उरलेली, आणि ते तिला चावत नाही. कितीतरी आठवडे ते हात चावून घेतलेले बघितले असशील तरच याचं काही वाटेल.

अझुमाने यानंतर २००३ मध्ये 'योत्सुबातो' ही मांगा सुरू केली, ती याहून मोठी आहे असं माझं मत, आणि तिचं ॲनिमे आजपर्यंत झालेलं नाही. मला विचारशील तर होऊ नये. अझुमांगाचे चौकोन निदान मोजता येत होते.

आता भाषेचं. हो, उपयोग होतो, पण कुणाकडून काय उचलायचं ते बघून. तुझ्या पातळीला सगळ्यात सोपी चियो. ती दहा वर्षांची आहे, पाच इयत्ता ओलांडून हायस्कूलमध्ये आलीय, जपानी शाळेत असं होतच नाही आणि लेखकाने त्याचं स्पष्टीकरणही दिलेलं नाही, छान केलं. ती सगळ्यांत लहान म्हणून मैत्रिणींशीसुद्धा देसु-मासु ही सभ्य रूपं लावून बोलते, म्हणजे तुझ्या पाठ्यपुस्तकासारखं. साकाकी साधं बोलते पण मोजून चार शब्द. योमीचं नेहमीच्या मैत्रिणीचं, स्वच्छ, तिची नक्कल करायला हरकत नाही. तोमो आणि कागुरा कान पक्के झाल्यावर. तोमो, कागुरा आणि ओसाका या तिघी अभ्यासात ढ, त्यांच्या गटाचं नाव बोन्कुराझु, मी 'मठ्ठ मंडळ' असं केलं होतं. ओसाकाचं ऐक, हस, आणि तिथेच सोड, 'दा'च्या जागी 'या' आणि 'नाइ'च्या जागी 'हेन' इंटरव्ह्यूला तोंडातून गेलं तर समोरचा तोक्योचा माणूस हसेल आणि तुला कळणार नाही का हसतोय.

पण खरी शिकायची गोष्ट म्हणजे कोण कुणाला काय म्हणतं. नावापुढे चान लावलं की लाडाचं, सान लावलं की आदराचं. चियो-चान, तोमो-चान, पण साकाकी-सान, तिच्याच वर्गात, कारण तिचा दबदबा. तिचं पहिलं नाव शेवटपर्यंत कळत नाही. शिक्षिकेला मुली बिनधास्त युकारी-चान म्हणतात. आणि चियोचा कुत्रा, तो मोठा पांढरा, चियोला पाठीवर बसवून फिरवणारा, त्याचं नाव तादाकिची-सान. कुत्र्याला सान आणि मालकिणीला चान. इंग्रजीत लोक याला 'मिस्टर' लावतात आणि पडतं, आपल्याकडे 'तादाकिचीराव' लिहिलं की काम झालं, राव इतकं चपखल दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं वाटत नाही.

फक्त एका ठिकाणी मी अडले. नवीन वर्षाच्या स्वप्नात साकाकीला एक पिवळसर, मांजरासारखं, हवेत तरंगणारं काहीतरी भेटतं आणि ते म्हणतं की मी चियोचा बाप. आवाज वाकामोतो नोरिओचा, ड्रॅगन बॉल झेडमधल्या सेल या खलनायकाचा तोच खर्जातला आवाज. आता याला मराठीत तू म्हणायचं, तुम्ही म्हणायचं, चियोचे बाबा की चियोचा बाबा, तो नपुंसकलिंगी की पुल्लिंगी, मी दोन रात्री घालवल्या. शेवटी मजकुरात 'ते' ठेवलं. साकाकी मात्र त्याला अहो-जाहोच करणार, मैत्रिणीचे वडील आहेत शेवटी.